कॉर्डच्या ट्रॅकवर चाल बांधताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या गाण्यांच्या चाली मी कॉर्ड वाजवणाऱ्या एका अ‍ॅपवर बांधतोय. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर, टाकायचे, पट्टी आणि लय ठरवायची, की ड्रम, बेस, पियानो फिरून फिरून वाजत राहतात. नेट लागत नाही, त्यामुळे सुरत-भुसावळ पॅसेंजरमध्येही कानात लावून गुणगुणता येतं.

खरा फायदा हा, की एकच सूर कॉर्डगणिक कसा रंग बदलतो ते कानाला कळतं. माझ्या एका अहिराणी गाण्याची ओळ आहे, ‘मनी माय वावरमा’ (माझी आई शेतात). पट्टी पांढरी एक, म्हणजे सा सी वर. कॉर्ड सी, ए मायनर, एफ, जी. शेवटचा ‘मा’ मी षड्जावर धरून ठेवला. सी वर तो घरी असतो. ए मायनरवर, ए ला सा मानलं तर, तोच सूर त्या कॉर्डचा कोमल गंधार होतो आणि ओळ हळवी होते. एफवर पंचम होऊन मोकळा वाटतो. जी आला की मात्र अडतो, कारण त्या कॉर्डमध्ये प, नी, रे आहेत, सा नाही. तिथून नी वर उतरलो आणि पुढचा मुखडा आपोआप सुचला.

पण या फेऱ्यात अडकायला होतं. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत प्रत्येकी चार मात्रांचे चार कॉर्ड १२ सेकंदांत संपतात आणि प्रत्येक ओळ पहिल्या मात्रेवर सुरू होऊन फेऱ्याबरोबरच संपते. चाली एकसारख्या होतात. म्हणून ‘मनी’ समेआधीच्या (पहिल्या मात्रेआधीच्या) दोन मात्रांत उचलतो, ‘माय’ समेवर येतो. बोलीचा ठसका लगेच लागतो!

चाल जमली की ट्रॅक बंद करून नुसती गातो. जात्यावरच्या ओव्या, खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी आपल्याकडे कॉर्डशिवायच टिकली. ट्रॅक काढल्यावर चाल पोकळ वाटली तर मी ती ठेवत नाही, कॉर्ड कितीही गोड असोत.

ठेक्यात अ‍ॅप कमी पडतं. दादऱ्याऐवजी ६/८ लावतो. सहा मात्रा जुळतात, पण ढोलकीची थाप नाही. पट्टी बदलणं मात्र झकास. बहीण काळी चारला गाते, तर अख्खं गाणं तिच्या पट्टीत नेऊन लगेच ऐकता येतं.

पेटी किंवा गिटार थोडीफार येत असेल तर पैसे वसूल. येत नसेल तर आधी सी, एफ, जी पेटीवर दाबून त्यातले तीन-तीन सूर गाऊन पाहा, मग घ्या.