नवऱ्याची डिसॅबिलिटी, लेकीचं टॅक्स क्रेडिट आणि जॉइंट रिटर्न: दोन सीझननंतरचा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवऱ्याला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. त्याची नोकरी सुटली आणि बऱ्याच प्रतीक्षेनंतर २०२४ च्या शेवटी त्याचं एसएसडीआय, म्हणजे काम करता न येणाऱ्याला सोशल सिक्युरिटी या सरकारी विम्यातून मिळणारं डिसॅबिलिटी, मंजूर झालं. मी पूर्णवेळ नोकरी करते. लेक अकरा वर्षांची आहे. तेव्हापासून आमचा टॅक्स ज्या पद्धतीने चाललाय, त्यात चार गोष्टी आहेत: जॉइंट रिटर्न, नवऱ्याच्या पैशांतून दरमहा टॅक्सकपात, लेकीच्या पैशांचं वेगळं खातं आणि वायटा, म्हणजे फुकट टॅक्स-मदतीच्या सरकारी कार्यक्रमातल्या स्वयंसेवकांकडून रिटर्नची तपासणी. आता दोन टॅक्स सीझन झाले, म्हणून सविस्तर लिहितेय. आपल्या मंडळींत आजारपणाची चौकशी मनापासून होते, पण डिसॅबिलिटीचे पैसे येतात हे कुणी उघडपणे बोलत नाही. त्यामुळे नव्याने या फेऱ्यात सापडलेल्या घराला विचारायला माणूस मिळत नाही.

सगळ्यात आधी पडणारा प्रश्न म्हणजे एकाला डिसॅबिलिटी मिळत असेल तर मूल रिटर्नवर दाखवता येतं का. येतं. नवऱ्याला सोशल सिक्युरिटीकडून पैसे आले म्हणून लेक आमची डिपेन्डन्ट, म्हणजे आमच्यावर अवलंबून, असण्यात काही फरक पडत नाही. ती वर्षाच्या शेवटी १७ वर्षांच्या आत आहे, अर्ध्याहून जास्त वर्ष आमच्याकडे राहिली आणि तिच्याकडे नोकरीसाठी चालणारा सोशल सिक्युरिटी नंबर आहे. २०२५ च्या रिटर्नला अशा प्रत्येक मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे टॅक्समधून थेट वजा होणारी रक्कम, मिळतं. आपल्याकडच्या अनेक घरांत मुलं एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असतात आणि त्यांचा आयटीआयएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर न मिळणाऱ्यांचा टॅक्स नंबर, असतो. त्यांना हे मिळत नाही, ५०० डॉलरचं दुसरं क्रेडिट मिळतं. मात्र पालक एच-१बी वर असला तरी त्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी कापली जाते आणि एसएसडीआयसाठी लागणारे कामाचे क्रेडिट जमा होत राहतात. माझा नवरा त्याच जोरावर पात्र ठरला. व्हिसावर आहोत म्हणजे एसएसडीआय मिळणारच नाही, असं समजून अर्जच न करणारी माणसं माझ्या पाहण्यात आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

दुसरा प्रश्न: रिटर्न एकत्र भरायचं की वेगवेगळं? भारतात नवराबायको आपापलं रिटर्न भरतात, तिथे जॉइंट रिटर्न हा प्रकारच नाही. त्यामुळे सांगलीचे आमचे सीए काका फोनवर म्हणाले, "त्याचे पैसे वेगळे, तुझा पगार वेगळा, दोघांचं वेगळं भर आणि मुलगी त्याच्यावर दाखव, म्हणजे त्याचा टॅक्स शून्य." ऐकायला पटतं, पण अमेरिकेत हेच सगळ्यात महाग पडतं. आमच्यासारखे गोल आकडे घेऊन दाखवते. माझा टॅक्स लागणारा पगार वर्षाला ५८,००० डॉलर, नवऱ्याचं एसएसडीआय २४,०००.

एकत्र रहात असताना वेगवेगळं रिटर्न भरलं, तर सोशल सिक्युरिटीसाठी सूटमर्यादा शून्य होते आणि नवऱ्याला दुसरं उत्पन्न नसल्याने २४,००० च्या निम्म्या रकमेचे ८५ टक्के, म्हणजे १०,२०० डॉलर, सरळ टॅक्सखाली येतात. २०२५ चं १५,७५० चं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सगळ्यांना मिळणारी ठरावीक वजावट, धरलं की त्याचा टॅक्स शून्य होतो. लेक त्याच्या रिटर्नवर असेल तर क्रेडिट वजा करायला टॅक्सच उरत नाही. न वापरलेल्या क्रेडिटमधला काही भाग एरवी रिफंड म्हणून मिळू शकतो, पण तो कमाईवर ठरतो, २,५०० डॉलरच्या वरच्या कमाईच्या १५ टक्क्यांनी. एसएसडीआय हे उत्पन्न आहे, पण कमाई धरली जात नाही. म्हणजे त्याची कमाई शून्य आणि पूर्ण २,२०० डॉलर बुडाले. जॉइंट रिटर्नवर माझा पगार दोघांची कमाई म्हणून धरला जातो आणि लेकीचं पूर्ण क्रेडिट पदरात पडतं. वेगळं भरलं तर चाइल्ड केअरचं, म्हणजे मूल सांभाळण्याच्या खर्चावरचं, क्रेडिटही साधारणपणे हातचं जातं. आमच्या घराला जॉइंट रिटर्नला पर्यायच नाही, हे मी ठामपणे सांगते.

जॉइंट रिटर्नवरही एसएसडीआय पूर्ण करमुक्त नाही. हिशेब असा: बाकीचं उत्पन्न, करमुक्त व्याज आणि सोशल सिक्युरिटीची अर्धी रक्कम यांची बेरीज करायची. जोडप्यासाठी ती ३२,००० च्या आत असेल तर काही टॅक्स नाही. ४४,००० च्या वर गेली की हळूहळू ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम टॅक्सखाली येते. आमची बेरीज ७०,०००, म्हणजे पूर्ण ८५ टक्के. हे ३२ आणि ४४ हजारांचे आकडे महागाईप्रमाणे वाढत नाहीत, १९८० आणि १९९० च्या दशकांत कायद्यात लिहिले तसेच आहेत. घरात एक साधा पगार असला तरी ते ओलांडले जातात. मला हा अन्याय वाटतो. आजारी माणसाच्या पैशांवर टॅक्स लागायला घर श्रीमंत असावं लागत नाही. एसएसआय हा वेगळा प्रकार आहे, तो गरजेवर मिळतो आणि त्याच्यावर टॅक्स नाही. दोन्हींची नावं सारखी असल्याने लोक एकमेकांना चुकीचे सल्ले देतात. न्यू जर्सी राज्य सोशल सिक्युरिटीवर टॅक्स लावत नाही, तेवढा दिलासा.

टॅक्स लागणार हे ठरल्यावर एप्रिलमध्ये एकदम भरण्यापेक्षा दरमहा कापून घेणं बरं. त्यासाठी डब्ल्यू-४व्ही नावाचा फॉर्म आहे. त्यात ७, १०, १२ किंवा २२ टक्के एवढेच पर्याय आहेत, मधला आकडा लिहिता येत नाही. आमचा दर १२ टक्क्यांच्या पट्टीतला. ८५ टक्के रकमेवर १२ टक्के, म्हणजे एकूण रकमेवर १०.२ टक्के. म्हणून आम्ही १० निवडले. वर्षाला २,४०० कापले जातात आणि नवऱ्याच्या पैशांमुळे वाढणारा टॅक्स २,४४८. एप्रिलमध्ये या बाबतीत काही भरावं लागलं नाही म्हटलं तरी चालेल. या चार गोष्टींपैकी सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त शांतता देणारी गोष्ट हीच. फॉर्म एका पानाचा आहे, सही नवऱ्याची लागते. उजवा हात साथ देत नसल्यामुळे त्याने डाव्या हाताने सावकाश केली, आणि ती चालली.

आता लेकीच्या पैशांबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. एसएसडीआय मिळणाऱ्या पालकाच्या अल्पवयीन मुलाला पालकाच्या नोंदीवर वेगळी रक्कम मिळू शकते, पालकाच्या रकमेच्या निम्म्यापर्यंत, कुटुंबाच्या कमाल मर्यादेत. समजा लेकीला वर्षाला १२,००० येतात. जानेवारीत पाकिटं येतात तेव्हा दोन एसएसए-१०९९, म्हणजे सोशल सिक्युरिटीकडून वर्षभरात मिळालेल्या पैशांच्या स्लिपा, असतात, एक नवऱ्याच्या नावाचं, एक लेकीच्या नावाचं, तिच्या नंबरासह. तिची स्लिप आमच्या रिटर्नवर येत नाही. ते तिचं उत्पन्न आहे. तिची निम्मी रक्कम ६,०००, दुसरं उत्पन्न नाही, आणि एकट्या व्यक्तीची मर्यादा २५,०००. म्हणजे तिला टॅक्सही नाही आणि रिटर्नही भरायचं नाही.

पहिल्या सीझनला आम्ही घराजवळच्या एका टॅक्सवाल्याकडे गेलो होतो. त्याने दोन्ही स्लिपा एकत्र करून आमच्या उत्पन्नात टाकल्या. "मूल लहान आहे, पैसे तुमच्याच खात्यात येतात ना?" असा त्याचा युक्तिवाद. मी लेकीच्या स्लिपेवरचं नाव आणि नंबर दाखवला, तरी तो ऐकेना. आम्ही कागद उचलले आणि निघालो. वरच्या आकड्यांप्रमाणे त्याच्या पद्धतीने १०,२०० डॉलर जास्त टॅक्सखाली आले असते, म्हणजे १,२२४ डॉलर जास्तीचा टॅक्स, दर वर्षी. पैसे घेऊन काम करणाऱ्याला हे माहीत नसावं याचा मला आजही राग येतो. ज्यांच्या घरात कुणी तपासून बघणारं नाही, त्यांचे असे पैसे जात असतील.

या पैशांना दुसरी बाजूही आहे आणि ती कुणी सांगत नाही. मूल डिपेन्डन्ट ठरायला त्याने स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः केलेला नसावा. लेकीच्या खात्यातून तिच्यावर जो खर्च होतो, तो तिनेच केलेला धरला जातो. शिल्लक टाकलेले पैसे त्यात मोजत नाहीत. म्हणून मी तिच्या खर्चाचा हिशेब ठेवते: घरभाड्यातला तिचा वाटा, किराणा, कपडे, डॉक्टर, विम्याचा हप्ता, शाळेनंतरची डेकेअर, मराठी शाळेची फी. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या, पब्लिकेशन ५०१ मध्ये याचा तक्ता आहे, तो चांगला आहे. वर्षाची बेरीज २२,००० धरली, तर तिच्या पैशांतून ११,००० पेक्षा जास्त खर्च होता कामा नये. आम्ही तिच्या खात्यातून डेकेअर न घेता कपडे, चष्मा, दात आणि शाळेचा खर्च करतो, बाकी शिल्लक. डेकेअर माझ्या पगारातून, कारण तिचं क्रेडिट घ्यायचं तर खर्च आमचा हवा. खातं लेकीच्या नावाने आहे, मी तिची पेयी, म्हणजे तिच्या वतीने पैसे घेऊन सांभाळणारी. मुलासोबत राहणाऱ्या पालकाला सोशल सिक्युरिटीकडे वार्षिक हिशेब पाठवण्याची सक्ती आता नाही, पण कधी विचारलं तर दाखवता यायला हवा. माझी साधी वही आहे, महिन्याच्या शेवटी बँकेचा कागद मध्ये चिकटवते. लेकही ती वही वाचते आणि हे पैसे बाबाच्या कामातून आले हे तिला माहीत आहे. मला हे फार मोलाचं वाटतं.

चाइल्ड केअर क्रेडिट, फॉर्म २४४१, याबद्दल थोडं. या क्रेडिटला दोघांचीही स्वतंत्र कमाई लागते, आणि नवऱ्याची तर शून्य. पण स्वतःची काळजी घेता न येणाऱ्या जोडीदाराची दरमहा २५० डॉलर कमाई मानली जाते. बारा महिन्यांचे ३,०००, आणि एका मुलासाठी खर्चाची मर्यादाही तेवढीच. त्यावर २०२५ च्या रिटर्नला आमच्या उत्पन्नाला २० टक्के, म्हणजे ६०० डॉलर मिळाले. इथे सावध रहा: एसएसडीआय मंजूर आहे एवढं पुरत नाही. कपडे घालणं, अंघोळ, जेवण यांसाठी मदत लागते किंवा सतत कुणी सोबत लागतं, अशी अट आहे. माझ्या नवऱ्याला बटणं लावता येत नाहीत, अंघोळीला मी असते. डॉक्टरांकडून हे स्पष्ट लिहिलेलं पत्र घेऊन फाइलमध्ये ठेवलंय. पाठीच्या दुखण्याने डिसॅबिलिटीवर असलेली, पण स्वतःचं सगळं करू शकणारी व्यक्ती यात बसणार नाही. कंपनीच्या डिपेन्डन्ट केअर एफएसएमध्येही, म्हणजे डेकेअरसाठी पगारातून टॅक्सआधी पैसे बाजूला ठेवण्याच्या सोयीतही, हीच ३,००० ची मर्यादा आड येते, तेव्हा फॉर्मवर दिसणारा मोठा आकडा निवडू नका.

एसएसडीआयची मागची थकबाकी एकदम आली असेल तर वर्षवार विभागणी स्लिपेच्या बॉक्स ३ खाली असते. मागच्या वर्षांची रिटर्न बदलायची नसतात. त्या-त्या वर्षाच्या उत्पन्नावर टॅक्सेबल रक्कम काढून बघायची आणि फायदा असेल तर रिटर्नवरचा ६सी चा चौकोन टिक करायचा. आम्हाला फायदा झाला नाही, कारण माझ्या पगारामुळे मागची वर्षंही ८५ टक्क्यांतच होती. मागच्या वर्षी घरात उत्पन्न जवळपास नव्हतं अशांनी मात्र पब्लिकेशन ९१५ चे तक्ते भरून बघाच. आणि वकिलाची फी तुमच्या हातात न येता परस्पर गेली, तरी ती स्लिपेवरच्या रकमेत धरलेली असते. ती वजा करता येत नाही. आमच्या स्लिपेवरचा आकडा बँकेत आलेल्या रकमेपेक्षा मोठा का, याचं उत्तर हेच होतं.

वायटाचा अनुभव उत्तम. सरकारी कार्यक्रम आहे, फुकट आहे. साधारण मध्यम उत्पन्नापर्यंतच्या लोकांसाठी असला तरी अपंग व्यक्तींनाही मदत करतात. गावातल्या लायब्ररीत टेबलं मांडतात. आधी एक प्रश्नावली भरून घेतात, एक जण रिटर्न तयार करतो, दुसरा तपासतो, तेव्हाच सही. आमच्या टेबलावरच्या निवृत्त बाईंनी लेकीची स्लिप हातात घेतली, नाव वाचलं आणि बाजूला ठेवली: "हे तिचं." फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या, मार्चमध्ये जागा मिळत नाही. व्हीलचेअर आत नेता येते का, हेही आधी विचारा.

पुढचं बघायचं तर लेक १३ ची झाली की फॉर्म २४४१ मधून ती बाहेर, १७ ची झाली की चाइल्ड टॅक्स क्रेडिट संपेल. तिची रक्कम १८ पर्यंत, हायस्कूल चालू असेल तर १९ पर्यंत. या वर्षी माझी पगारवाढ झाली आहे. जॉइंट रिटर्नवर टॅक्सेबल उत्पन्न, २०२५ च्या आकड्यांत, ९६,९५० च्या पुढे गेलं की २२ टक्क्यांची पट्टी लागते आणि नवऱ्याच्या पैशांवरचा बोजा १८.७ टक्के होतो. तेव्हा नवा डब्ल्यू-४व्ही भरून २२ चा चौकोन टिक करावा लागेल, कारण मधला पर्याय नाही. तोवर १० टक्के पुरतात.