खांद्याच्या ऑपरेशननंतर झोपेच्या गोळ्यांपायी माझे ७,३९६ रुपये गेले, तुम्ही तरी वाचा

रोटेटर कफचं, म्हणजे खांदा धरून ठेवणाऱ्या स्नायूंचं ऑपरेशन झालेल्यांना वेगळं सांगायला नको, आडवं पडलं की खांदा ठणकतो, कूस बदलता येत नाही, तीन आठवडे मी खुर्चीत टेकून रात्री काढल्या. अशाच एका रात्री तीन वाजता मोबाईलवर जाहिरात आली, गाढ झोप आणि दुप्पट वेगाने रिकव्हरी, ट्रायल बाटली १९९ ला. घेतली. दर महिन्याला २,३९९ आपोआप कापायच्या परवानगीची टिक आधीच केलेली होती, खाली बारीक अक्षरात. उजवा हात स्लिंगमध्ये, पेनकिलरची गुंगी, डाव्या अंगठ्याने स्क्रीन सरकवत होते, अशा वेळी कोण वाचतं हो? तीनदा कापले गेले तेव्हा लक्षात आलं.

पण एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. एका रिव्ह्यूत लिहिलेलं, "दहा दिवसांत टेंडन जुळला." टेंडन म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, ती शिवली की हाडाला धरायला तीन महिने तरी लागतात हे सर्जननी मला स्वतः सांगितलं होतं. मला माहीत होतं! तरी वाचून पुढे गेले, याचाच जास्त संताप होतो. लेबलवर पण नुसतं 'स्लीप ब्लेंड ८५० मिग्रॅ', कशात काय किती, पत्ता नाही. असलं लेबल दिसलं की घेऊच नका. २०२३ मध्ये अमेरिकेत मेलाटोनिनच्या, म्हणजे झोपेसाठी घेतात त्या हार्मोनच्या, २५ गमीज (चघळायच्या गोळ्या) तपासल्या तर २२ वर छापलेलं प्रमाण चुकीचं निघालं, एकीत तर मेलाटोनिनच नव्हतं.

कंपनीची फोनवरची बाई म्हणाली, नॅचरल आहे, डॉक्टरांना विचारायची गरज नाही. विचारा! ओपिऑइड (अफूच्या जातीची) पेनकिलर चालू असताना वरून गुंगीचं काही घेतलं तर श्वास मंदावू शकतो, रक्त पातळ करायची गोळी असेल तर मेलाटोनिनने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

आता तक्रारीचं ऐका. बँक म्हणते परवानगी तुम्हीच दिलीत. औषधवाल्या खात्यात गेले तर हे औषध नाही, फूड सप्लिमेंट आहे, अन्नवाल्यांकडे जा. तिकडे म्हणाले रोग बरा करायचा दावा केलाय ना, मग औषधवाल्यांकडेच जा. ग्राहक तक्रारीच्या फॉर्मवर कंपनीचा पत्ता टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, आणि पत्ता त्या वेबसाईटवर कुठेच नाही. पोलीस म्हणाले रक्कम लहान आहे. स्लिंगमधला हात घेऊन चार ठिकाणी उभी राहिले मी, एकाने साधा अर्ज ठेवून घेतला नाही.

शेवटी कार्डच ब्लॉक केलं तेव्हा कापणं थांबलं. स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, त्यांनी ते पान नंतर बदललं. दोन बाटल्यांचं सील मी अजून फोडलेलं नाही, कुणी तपासायला मागितल्या तर देईन, अजून कुणी मागितलेल्या नाहीत.