आराखड्यात जमीन आरक्षित झाली: हरकत, टीडीआर, रोख मोबदला की कलम १२७ ची नोटीस?

मीरा-भाईंदरचा सुधारित प्रारूप विकास आराखडा २०२२ मध्ये आला, ठाण्याचा २०२४ मध्ये, पिंपरी-चिंचवडचा २०२५ मध्ये. उपनगरी शहरांचे हे आराखडे वीस वर्षांसाठी असतात आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३८ प्रमाणे तेवढ्या काळात त्यांची सुधारणा व्हावी लागते. नकाशा प्रसिद्ध झाला की कुणाच्या जमिनीवर उद्यान पडतं, कुणाच्या अठरा मीटरचा रस्ता. मग जमीनमालकाला सगळे एकाच वेळी सल्ले देऊ लागतात. दलाल म्हणतो टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या, वकील म्हणतो याच कायद्याच्या कलम १२७ ची, म्हणजे वर्षानुवर्षं न घेतलेल्या जमिनीवरचं आरक्षण उठवण्याची नोटीस द्या, शेजारी म्हणतो हरकत टाका. हे तिन्ही सल्ले बरोबर असू शकतात, पण एकाच जमिनीला एकाच वेळी सहसा नाही. आराखडा कोणत्या टप्प्यावर आहे, जमीन पूर्ण जाते की अर्धी आणि तिथला रेडी रेकनर दर (शासनाने ठरवलेला जमिनीचा दर) किती, यावर निवड ठरते.

आधी कागद हातात घ्या. संकेतस्थळावरचा रंगीत नकाशा पाहून काहीही ठरवू नका. त्या प्रमाणावर दोन-तीन मीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. नगररचना विभागातून भाग नकाशा (आराखड्याचा तुमच्या जमिनीपुरता उतारा) आणि झोन दाखला घ्या, भूमी अभिलेखकडून मोजणीची 'क' प्रत (अधिकृत मोजणी नकाशा) घ्या आणि दोन्ही एकमेकांवर बसवून आरक्षणाखालचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहून मागा. पुढचा सगळा हिशेब याच एका आकड्यावर उभा राहतो.

हरकत: सगळ्यात स्वस्त, पण मुदतीची

प्रारूप आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध होतो आणि नोटिशीत दिलेल्या मुदतीत हरकत घ्यावी लागते. कलम २८ प्रमाणे नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते. खर्च जवळपास शून्य, आणि आरक्षण मुळातून हटण्याची किंवा सरकण्याची खरी संधी इथेच. तरीही बहुतेक हरकती फेटाळल्या जातात, कारण त्यात "आमची एवढीच जमीन आहे" यापलीकडे काही नसतं. शंभर जणांनी एकाच मसुद्यावर सह्या केलेल्या हरकतींचंही असंच होतं. समितीला निर्णय नकाशावर करायचा असतो. तिच्या हातात नकाशाच द्या.

टिकणाऱ्या हरकतीत सर्व्हे आणि हिस्सा नंबर, आरक्षण क्रमांक, भाग नकाशाचा क्रमांक, मोजणी नकाशा आणि एक ठोस कारण असतं. जागेवर आधीच मंजूर बांधकाम आहे (परवानगीचा क्रमांक आणि तारीख द्या), विद्यमान जमीन वापर नकाशात जागा मोकळी म्हणून चुकीची दाखवली आहे, लगत सरकारी जमीन असताना खासगी जमीन घेतली आहे, किंवा रस्त्याची आखणी काही मीटर सरकवली तर इमारत वाचते आणि वळण बिघडत नाही: अशी कारणं समिती ऐकते. पर्यायी आखणी त्याच नकाशावर लाल रेषेने काढून जोडा.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ज्या वस्तीत मैदान नाही, शाळेला जागा नाही, तिथलं आरक्षण नुसतं उठवून घेणं म्हणजे पुढच्या वीस वर्षांतल्या मुलांची जागा घेणं. हरकतीत पर्यायी जागा सुचवणं हे कर्तव्यही आहे आणि सुनावणीत तेच जास्त चालतं.

समितीनंतर आराखडा शासनाकडे जातो. शासनाने कलम ३१ खाली मोठे बदल सुचवले तर तो भाग वगळून ('ईपी' म्हणतात तो) पुन्हा हरकती मागवल्या जातात. तुमची जमीन त्यात असेल तर ही दुसरी संधी. मात्र बाकीचा आराखडा एकदा मंजूर झाला की हरकतीचा रस्ता बंद. मग उरतो कलम ३७ चा किरकोळ फेरबदल: महापालिकेचा ठराव, जाहीर सूचना, शासनाची मंजुरी. तो होतो, पण वर्षं खातो, आणि आराखड्याचं स्वरूप बदलेल असं काही त्यातून मिळत नाही.

टीडीआर आणि रोख: हिशेब समोरासमोर

मुंबई महापालिका आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (यूडीसीपीआर) लागू आहे. तिच्यात आरक्षित जमीन दिल्यावर दाट वस्तीच्या भागात तिप्पट आणि बाहेर दुप्पट टीडीआर मिळतो. दुप्पट हा शब्द ऐकून लोक हुरळतात. समजा गावठाणाबाहेरची १,००० चौरस मीटर जमीन आहे आणि रेडी रेकनर दर २०,००० रुपये आहे. टीडीआर मिळेल २,००० चौरस मीटर. पण तो वापरताना सूत्र लागतं: जिथून निघाला तिथला दर भागिले जिथे वापरायचा तिथला दर. बिल्डर ५०,००० रुपये दराच्या भागात तो वापरणार असेल तर २,००० चे प्रत्यक्षात ८०० चौरस मीटरच होतात. म्हणून शहराच्या कडेच्या गावातला टीडीआर स्टेशनजवळच्या प्रकल्पाला विकताना दलालाचा भाव ऐकून न घेता हा भागाकार आधी करा. टीडीआर त्याच प्राधिकरणाच्या हद्दीत वापरता येतो. शेजारच्या महापालिकेत नाही.

आता रोख. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरी भागात बाजारमूल्य, त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम आणि बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के मिळतात. वरच्याच जमिनीचं बाजारमूल्य रेकनरप्रमाणे २ कोटी धरलं तर दिलाशासह ४ कोटी, शिवाय निवाड्यापर्यंत (भरपाईच्या अंतिम आदेशापर्यंत) दर वर्षाला २४ लाख. भागातले खरेदीखतांचे व्यवहार रेकनरपेक्षा चढे असतील तर बाजारमूल्य त्यावर धरलं जातं, म्हणजे रक्कम आणखी वाढते. निवाड्याची रक्कम या कायद्याच्या कलम ९६ खाली प्राप्तिकरातून मुक्त आहे; टीडीआर विक्रीला तशी सरसकट सूट नाही.

तुलना सोपी आहे. २,००० चौरस मीटर टीडीआर रेकनरच्या पूर्ण दराने, म्हणजे २०,००० ने विकला गेला तरच ४ कोटी होतात. बाजारात ६० टक्के भाव मिळाला तर २ कोटी ४० लाख. कागदावर रोखच सरस ठरते. अडचण एवढीच की महापालिकेकडे पैसा नसतो. शाळा, उद्यान अशा आरक्षणांसाठी रोख मिळेल या भरवशावर बसलेली जमीन वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. मोठा रस्ता किंवा पूल ज्याची निविदा निघाली आहे, तिथे मात्र प्रशासनाला ताबा लवकर हवा असतो. तिथे रोख मागायला तुमची बाजू भक्कम असते.

टीडीआर घ्यायचाच असेल तर भावाची वेळ बघा. नवा आराखडा मंजूर झाल्यावर बरेच मालक एकदम जमिनी देऊ लागले की टीडीआरच्या प्रमाणपत्रांचा पुरवठा वाढतो आणि भाव बसतो. हे विकास हक्क प्रमाणपत्र तुकड्यांमध्ये विकता येतं, त्यामुळे सगळं एकाच बिल्डरला देण्याची गरज नाही.

जमीन अर्धी जात असेल तर

इथे चित्र पूर्ण बदलतं आणि बहुतेकांना याच ठिकाणी सगळ्यात जास्त फायदा असतो. १,५०० पैकी ३०० चौरस मीटर नव्या रस्त्यात गेले, तर त्याचे ६०० चौरस मीटर तुम्ही उरलेल्या १,२०० वरच वापरू शकता. दर तोच, त्यामुळे भागाकारात काही गळत नाही, दलालीही नाही. मर्यादा रस्त्याच्या रुंदीची. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर चढतच नाही. ९ ते १२ मीटरला भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या ०.४० पट, १२ ते १५ ला ०.६५, १५ ते २४ ला ०.९० अशी चढण आहे. म्हणजे १,२०० चौरस मीटरवर ९ मीटर रस्त्याला साधारण ४८० बसतील आणि उरलेल्या १२० चं प्रमाणपत्र विकावं लागेल. रस्ता अठरा मीटरचा झाला तर सगळे ६०० बसतात आणि वर आणखी टीडीआर विकत घ्यायलाही जागा राहते. ज्या रस्त्याविरुद्ध हरकत घ्यायला निघाला आहात तोच रस्ता उरलेल्या जमिनीची क्षमता वाढवत असेल, तर हरकत घेण्याआधी एकदा आर्किटेक्टकडून हा हिशेब करून घ्या.

मोठ्या भूखंडावर बाजार, दवाखाना असं आरक्षण असेल तर समावेशक आरक्षणाचाही मार्ग आहे: ठरलेल्या वाट्याची जागा किंवा बांधकाम महापालिकेला द्यायचं आणि बाकीचं स्वतः विकसित करायचं. वाटा आरक्षणाच्या प्रकाराप्रमाणे बदलतो. बांधायला भांडवल असेल तरच याचा विचार करा.

कलम १२७: घड्याळाकडे लक्ष

आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक हक्काच्या कागदपत्रांसह नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत (ही मुदत पूर्वी कमी होती, २०१५ मध्ये वाढली) संपादन किंवा त्याची पावलं झाली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. नुसता पत्रव्यवहार किंवा सभेचा ठराव म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये स्पष्ट केलं आहे.

जुन्या आरक्षणाच्या मालकांनी आत्ताच लक्ष द्यायची गोष्ट ही: नोटीस देण्याआधीच सुधारित आराखडा लागू झाला आणि त्यात तेच आरक्षण कायम राहिलं, तर १० वर्षं नव्या आराखड्यापासून मोजली जातात. सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे. म्हणून १९९० च्या दशकातल्या आराखड्यात आरक्षण असेल आणि नवा आराखडा अजून प्रारूप किंवा मंजुरीच्या टप्प्यावर असेल, तर हरकत आणि १२७ ची नोटीस दोन्ही द्या. उद्यावर ढकललं तर दहा वर्षं जातात.

नोटीस फसते ती तीन कारणांनी. दहा वर्षं मंजुरीच्या तारखेपासून मोजली, अमलात आल्याच्या तारखेपासून नाही (ईपीतल्या आरक्षणाची तारीख आणखी वेगळी असते). आरक्षण वीज कंपनी किंवा सार्वजनिक बांधकाम विभागासाठी होतं आणि नोटीस फक्त महापालिकेला गेली. किंवा सातबारावरच्या सगळ्या हिस्सेदारांची कागदपत्रं जोडली नव्हती. २४ महिने संपले की कलम १२७(२) खाली राजपत्रात अधिसूचना निघेपर्यंत पाठपुरावा करा. त्याशिवाय बांधकाम परवानगीच्या टेबलावर आरक्षण गेलेलं दिसत नाही.

आरक्षणामुळे जमिनीचा कसलाच उपयोग उरला नसेल तर कलम ४९ ची खरेदी सूचना (जमीन विकत घ्या अशी मालकाने दिलेली नोटीस) दहा वर्षं न थांबताही देता येते. पण उपयोग उरला नाही हे सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून ती क्वचितच वापरली जाते.

जमीन द्यायचं ठरल्यावर

टीडीआरसाठी जमीन बोजारहित, सपाट केलेली आणि आरक्षणाच्या जागेला १.५ मीटर उंच कुंपणभिंत व फाटक घालून द्यावी लागते, तीही स्वखर्चाने. हा खर्च हिशेबात आधीच धरा. सातबारावर महापालिकेचं नाव लागल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, आणि एखाद्या बहिणीचं हक्कसोडपत्र राहिलं असेल तर फाईल तिथेच अडकते. पूर्वी कधी निवाडा झाला असेल किंवा मोबदला घेतला असेल तर टीडीआर मिळणार नाही. वडिलांच्या काळातले फेरफार काढून बघा. आणि प्रमाणपत्राचा लेखी प्रस्ताव दाखल झाल्याशिवाय 'आगाऊ ताबा' पावतीवर सही करू नका, कारण ताबा दिल्यावर महापालिकेला घाई राहत नाही.