तळातून ऊब: हीट मॅटवर आठ महिने रोपं उगवून पाहिल्यानंतर

मिरचीचं बी पेरून वीस दिवस झाले, ट्रेमध्ये काहीच हालचाल नाही, आणि रोज सकाळी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्यात बी पेरतो) उकरून बघावंसं वाटतं. हे ज्यांनी अनुभवलंय त्यांच्यासाठी लिहितेय. बी जुनं असणार असं समजून मी दोन हंगाम नवीन पाकिटं घेत राहिले. बियाण्यात काही खोट नव्हती, ते ज्यात पेरलं होतं ते कोकोपीट गार होतं.

गेल्या हिवाळ्यात मी हीट मॅट घेतली, म्हणजे ट्रेखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई. दहा बाय वीस इंच, म्हणजे एका ट्रेच्या मापाची, 20 वॅटची, आणि तिच्यासोबत वेगळा थर्मोस्टॅट, म्हणजे लावलेल्या तापमानानुसार मॅट चालू-बंद करणारं यंत्र. आधी घरात खिडकीजवळच्या टेबलावर आणि नंतर छोट्या ग्रीनहाऊसमध्ये, असा आठ महिने तिचा वापर झाला. मिरची, वांगी, टोमॅटो, झेंडू आणि शेवटी फाटे कलम (फांदीचा तुकडा लावून रोप करणं), एवढं सगळं तिच्यावर करून झालंय.

खोलीतली तापमापी 20 अंश दाखवते म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ओल्या कोकोपीटमधून सतत पाणी उडत असतं, त्यामुळे ट्रे हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी गारच राहतो. रात्री खोली 16 वर आली की तो आणखी खाली जातो. मिरचीच्या बीला आजूबाजूला 25 ते 30 अंश हवेत. तेवढी ऊब मिळाली तर ती आठ-दहा दिवसांत वर येते, 20 अंशांना दोन आठवड्यांच्या आसपास जाते आणि 15 अंशांना तीन आठवडे उलटून जातात. एवढे दिवस ओल्या गारठ्यात पडलेलं बी बऱ्याचदा उगवण्याआधीच कुजतं.

खात्री करायची म्हणून मी एकाच पाकिटातलं बी दोन ट्रेंमध्ये पेरलं. एक मॅटवर ठेवला, दुसरा त्याच टेबलावर हातभर लांब. मॅटवरच्या ट्रेमध्ये सातव्या दिवशी सकाळी पहिली कमान दिसली. मिरची सरळ उगवत नाही. आधी पांढरट-हिरवी वाकलेली मान वर येते, पानं अजून खालीच अडकलेली असतात, आणि मग दिवसभरात ती मान ताठ होते. एक-दोन रोपांच्या पानांच्या टोकाला बीचं टरफल चिकटून राहिलं होतं. त्यावर पाण्याचा थेंब ठेवून तासाभराने नखाने हलकेच काढलं, पानं शाबूत राहिली. दहाव्या दिवशी 50 पैकी 43 कप्पे भरले. दुसऱ्या ट्रेमध्ये पहिलं रोप सोळाव्या दिवशी आलं आणि शेवटपर्यंत निम्मेही कप्पे भरले नाहीत.

आता थर्मोस्टॅटबद्दल, कारण माझ्या मते मॅटपेक्षा तोच महत्त्वाचा आहे. साधी मॅट फक्त आजूबाजूच्या तापमानात पाच ते दहा अंशांची भर घालते. थंड खोलीत ते बरोबर जमतं. ग्रीनहाऊसमध्ये दुपारी 32 अंश झाले तर तीच मॅट बी शिजवायला निघते. म्हणून थर्मोस्टॅट हवा, आणि त्याचा तापमान मोजणारा सेन्सर, बी जेवढं खोल आहे तेवढाच खोल, ट्रेच्या मधल्या कप्प्यात खोचलेला हवा. मॅटवर ठेवला तर मॅट किती तापली ते कळतं, हवेत लोंबकळला तर हवेचं कळतं. बीचं कळत नाही ते नाहीच.

हे मी टोमॅटोचा एक अख्खा ट्रे घालवून शिकले. पाणी देताना सेन्सर कप्प्यातून निसटून बाहेर पडला, ते माझ्या लक्षात आलं नाही. मी 28 अंश लावले होते, बाहेर हवा 26, त्यामुळे मॅट बंद व्हायचं नावच घेईना. वर झाकण होतं आणि त्यावर ऊनही येत होतं. दुपारी तापमापी खोचली तेव्हा कोकोपीटमध्ये 37 अंश होते. वरून ते ओलं दिसत होतं, पण कप्पा उचलला तर तळाशी पार सुकून भुसभुशीत झालं होतं. नुकत्याच फुटलेल्या मुळ्या तिथेच वाळल्या. त्या दिवसापासून सेन्सरची वायर कपड्यांच्या चिमट्याने ट्रेच्या कडेला घट्ट धरून ठेवते. सेन्सरसोबत आलेली रबरी वाटी दमट पृष्ठभागाला दोन दिवसही चिकटून राहत नाही.

ओलीबद्दलही थोडं सांगायला हवं. खालून ऊब असली की कोकोपीट तळाकडून वाळत जातं आणि वरून पाहून ते कळत नाही. मी आता रोज ट्रे हाताने उचलून वजनावरून ओल ओळखते आणि पाणी खालच्या ताटात देते. वाफसा हवा, चिखल नको.

मॅटखाली थर्मोकोलची शीट घातल्यावर फारच फरक पडला. उघड्या टेबलावर निम्मी ऊब खाली निघून जात होती. शीट घातल्यावर त्याच मॅटने गार रात्रीही 27-28 अंश धरून ठेवले. कडेचे कप्पे मात्र मधल्यांपेक्षा दोन अंशांनी गार राहतात आणि दोनेक दिवस उशिरा उगवतात, म्हणून एक दिवसाआड ट्रे फिरवते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या उगवण झाल्यावर. पहिल्या खेपेला रोपं आल्यावरही, ऊब चांगलीच असते असं समजून, मी ट्रे पाच दिवस मॅटवरच ठेवला. देठ दोऱ्यासारखे बारीक आणि लांब झाले, मग एकेक रोप मातीलगत तपकिरी पडून आडवं होऊ लागलं. ही रोपांची मर. दमट, उबदार, कोंडलेली हवा बुरशीला हवीच असते. आता निम्मे कप्पे उगवले की झाकण काढते, बहुतेक उगवले की मॅट बंद. मग प्रकाश रोज 14 ते 16 तास, तोही रोपांच्या जवळून, आणि छोट्या पंख्याची हलकी हवा. यासाठी एका ट्रेमध्ये एकच पीक पेरा. टोमॅटो सहा दिवसांत वर येतो आणि मिरची अजून झोपलेली असते. अशा वेळी मॅट कुणासाठी चालू ठेवायची हे कळेनासं होतं.

लेट्यूस आणि पालक यांना मॅटवर ठेवू नका. लेट्यूसचं बी उष्णतेत चक्क निद्रिस्त होतं, आणि माझा एक ट्रे तसाच गेला.

वीज फार लागत नाही. 20 वॅट दिवसभर चालली तरी अर्ध्या युनिटपेक्षा कमी, आणि थर्मोस्टॅट मध्येमध्ये बंद करतो म्हणून त्याहूनही थोडी. पाणी आणि वीज शेजारी आहेत हे मात्र कायम ध्यानात ठेवा. प्लग ट्रेपेक्षा उंचावर हवा, गळती झाली तर वीज तोडणारा आरसीसीबी हवा, मॅटला घडी घालायची नाही. अंग शेकायचा विजेचा पॅड या कामाला वापरू नका. तो पाण्यासाठी बनवलेला नसतो आणि बरेच पॅड ठरावीक वेळाने आपोआप बंद होतात.

माझ्या थर्मोस्टॅटमध्ये एक खरी उणीव आहे. वीज गेली आणि आली की लावलेलं तापमान विसरून तो मूळच्या आकड्यावर जातो. मी रात्री झोपण्याआधी एकदा बघतेच. त्याचा आकडाही साध्या तापमापीपेक्षा दीड अंशाने जास्त दाखवतो, म्हणून पहिल्याच दिवशी दोन्ही एका कप्प्यात खोचून फरक लिहून ठेवा.

मॅट नसताना लोक शेकडो वर्षं हेच घोड्याच्या ताज्या लिदीवर करत आलेत. कुजताना लीद तापते आणि वरच्या मातीला ऊब देते. तत्त्व तेच, फक्त आकडा हातात नसतो.

अनपेक्षित आनंद दिला तो फाटे कलमांनी. जास्वंदीच्या फांद्या लावल्या, खाली 23 अंश आणि वर हवा गार. वर गारवा असला की कळ्या-पानं घाई करत नाहीत आणि फांदीची ताकद खालच्या मुळांकडे जाते. चौथ्या आठवड्यात एक फांदी हलक्या हाताने ओढून पाहिली, तर ती निघेना. कप्पा उलटा केला तेव्हा कोकोपीटभोवती पांढऱ्या मुळ्यांचं जाळं होतं. बारा फांद्यांपैकी नऊ आता कुंड्यांत आहेत. पुढच्या हिवाळ्याआधी ग्रीनहाऊसच्या बाकावर वाळूत हीटिंग केबल पुरून तीन ट्रे मावतील एवढी जागा करतेय, थर्मोस्टॅट मात्र या वेळी सेटिंग लक्षात ठेवणारा घेणार.