शुगरवाल्यांची सकाळची बॅच: पाचपैकी साडेतीन

नाशिकला गंगापूर रोडच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर ही जिम आहे. नाव लिहीत नाही. पुढे तक्रार आहे आणि पोरं मनाने चांगली आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी 7 वाजता ‘शुगरवाल्यांची बॅच’, महिना 1200 रुपये. आम्ही नऊजण, सगळे पन्नाशीपुढचे. मी सातपूरला 32 वर्षं फिटर होतो. मशीन आतून कसं चालतं ते कळल्याशिवाय माझ्याच्याने पैसे सुटत नाहीत.

आधी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जायचो. चालणं चांगलंच, पण आमचं चालणं कमी आणि राजकारण जास्त. इथे पहिल्याच दिवशी हात न टेकता खुर्चीवरून उठबस, लेग प्रेस, रबरी पट्टे ओढणं. जिना उतरताना मांड्या अशा लटपटल्या की कठडा सोडवेना.

मांड्यांवर एवढा जोर का, तर जेवणानंतरच्या साखरेचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. साखर त्यात शिरते ती ग्लुट-4 नावाच्या प्रथिनातून. ही प्रथिनं एरवी पेशीच्या आत पडून असतात, इन्शुलिनचा निरोप आला की पृष्ठभागावर येतात. टाइप 2 मधुमेहात तो निरोपच नीट पोचत नाही. पण स्नायू आखडला-सुटला की तीच प्रथिनं इन्शुलिनची वाट न बघता वर येतात. मेन व्हॉल्व्ह जाम, तर बायपास उघडला. शिवाय नंतर दिवसभर, कधी दोन दिवसही, स्नायू इन्शुलिनचं जास्त ऐकतो. म्हणून सलग दोन दिवसांच्या वर खाडा नको म्हणतात.

मी तपासून पाहिलं. खाड्याच्या आठवड्यात मिसळ आणि दोन पाव खाल्ले, दोन तासांनी साखर 221. जिमच्या दिवशी त्याच दुकानातली तेवढीच मिसळ, 168. एका रीडिंगवर माझा विश्वास नाही, म्हणून चार वेळा केलं. हिचं म्हणणं, तुम्हाला मिसळीला निमित्तच हवं होतं.

जड वजन उचलल्यावर लगेच मोजू नका. माझी 128 ची 157 झाली आणि मी हबकलो. जोर लावला की अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं आणि यकृत साखर सोडतं. तासाभरात माझा आकडा खाली आला.

आता तक्रार. फॉर्मवर वजन, उंची, ब्लड ग्रुप, सगळं विचारतात. गोळ्या कुठल्या, ते नाही. दुसऱ्या आठवड्यात मी ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेऊन, नाश्ता न करता गेलो. चूक माझीच, पण विचारायला कोणी हवं होतं. दहा मिनिटांत बोटं थरथरायला लागली, बनियन चिंब. ट्रेनर म्हणाला, “काका, मस्त घाम निघतोय!” खालच्या टपरीवाल्याने न सांगता चार चमचे साखर घालून चहा आणून दिला. मीटरवर 58.

डॉक्टर म्हणाले, ही गोळी स्वादुपिंडातून इन्शुलिन काढत राहते, साखर खाली असली तरी. त्यात स्नायू स्वतःच साखर ओढत होते. दोन्ही नळ एकदम उघडे. नुसत्या मेटफॉर्मिनवर, म्हणजे शुगरच्या दुसऱ्या गोळीवर, असं सहसा होत नाही, कारण तिचं मुख्य काम यकृतातून येणारी साखर आवरणं. गोळीची वेळ डॉक्टरांनीच बदलून दिली.

बॅचमधल्या एका ताईंना पायोग्लिटाझोन ही शुगरची गोळी चालू आहे. त्या गोळीने स्नायू इन्शुलिनला दाद देतो, पण अंगात पाणीही धरतं. त्यांचे घोटे सुजले, तर ट्रेनर म्हणे, “जास्त चाला.” मी त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे पाठवलं.

आता काउंटरवर ग्लुकोजचा डबा आलाय. फॉर्म अजून तोच आहे. गाडी लावायला जागा नाही, पावणेसातला पोचा.