लहान शहरातली बाग: खेळणी, ओपन जिम आणि चालायची वाट, एकेक पारखून

लहान शहरातल्या बहुतेक बागांमध्ये संच ठरलेला असतो. दोन-चार झोपाळे, एक घसरगुंडी, सीसॉ, ओपन जिमची सात-आठ यंत्रं, भोवतीने चालायची वाट, मधे हिरवळ आणि कोपऱ्यात शौचालय. हाच संच इथे पारखला आहे. खेळण्यांची संख्या आणि रंग यांना गुण नाहीत. खालची जमीन कशी आहे, हलणारे सांधे किती टिकतात आणि बिघडलेलं लवकर दुरुस्त होतं का, एवढ्यावरच गुण दिले आहेत.

सुरुवात जमिनीपासून, कारण खेळाच्या जागी होणाऱ्या इजांमध्ये पडून होणाऱ्या इजा सर्वात जास्त असतात. बागेत शिरल्यावर आधी खेळण्याखालची जमीन टाचेने दाबून बघा. काँक्रीट, पेव्हर ब्लॉक किंवा चोपून बसलेली माती लागली, तर वरचं खेळणं कितीही महागडं असो, आम्ही त्याला पाचपैकी एकच गुण देतो. खेळण्यांसाठीच्या ईएन ११७६ या युरोपीय मानकानुसार ६० सेंटीमीटरपेक्षा उंचावरून पडण्याची शक्यता असेल, किंवा झोपाळ्यासारखं खेळणं मुलाला स्वतः हलवत असेल, तर खाली धक्का शोषणारी जमीन हवीच. हिरवळीवर साधारण १ मीटर उंचीपर्यंत भागतं, पण झोपाळ्याखाली हिरवळ टिकत नाही.

वाळू हा सर्वात स्वस्त आणि चांगला उपाय, पण ती योग्य हवी. दाणा ०.२ ते २ मिलिमीटरचा आणि धुतलेला, मातीचा अंश नसलेला. २ मीटरपर्यंतच्या उंचीवरून पडण्यासाठी २० सेंटीमीटर थर आणि त्यावर १० सेंटीमीटर जादा. ३ मीटरसाठी ३० अधिक १०. हे जादा १० सेंटीमीटर फार महत्त्वाचे, कारण मुलांच्या पायांनी वाळू नेमकी पडण्याच्या जागेवरून बाजूला सरकते. बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते: बांधकामातून उरलेली मातकट वाळू टाकली जाते, ती पावसात भिजते, उन्हात वाळते आणि फरशीसारखी घट्ट बसते. तपासायला काही लागत नाही. बोटं खुपसून बघा, मनगटापर्यंत सहज गेली तर ठीक. दर आठवड्याला दाताळ्याने ओढून थर सारखा करावा लागतो, आणि वाळूखाली पाणी निघून जायला वाट नसेल तर पहिल्या मोठ्या पावसात तिथे डबकं होतं.

रबर टाइल्स दिसायला नीटनेटक्या आणि चाकाच्या खुर्चीलाही चालणाऱ्या. पण जाडी पडण्याच्या उंचीप्रमाणे बदलते, त्यामुळे 'किती उंचीसाठी तपासलेली आहे' याचा कागद पुरवठादाराकडून घेतल्याशिवाय त्या बसवू नयेत. खालचं काँक्रीट उंचसखल असेल तर वर्ष-दोन वर्षांत कडा उचलतात आणि त्यात पाय अडकतो. भर दुपारी गडद रंगाच्या टाइल्स अनवाणी पायाला सोसत नाहीत. वाळू नीट राखली तर पाचपैकी चार, टाइल्सना तीन.

मोकळ्या जागेकडेही बघा. पडण्याची उंची दीड मीटरपर्यंत असेल तर खेळण्याच्या सर्व बाजूंना किमान दीड मीटर, आणि ३ मीटर असेल तर अडीच मीटर जागा रिकामी हवी. त्या पट्ट्यात बाक, कर्बस्टोन किंवा झाडाची लोखंडी जाळी आली, की खालची वाळू कितीही चांगली असली तरी गुण कापावे लागतात.

आता झोपाळा. बागेतलं सर्वात लाडकं खेळणं आणि सर्वात जास्त झिजणारंही. एका चौकटीत दोनच बैठका असाव्यात. तिसरी टाकली की मधल्या मुलाला दोन्ही बाजूंनी धक्का बसतो आणि मधल्या बैठकीपर्यंत पोहोचायला चालत्या झोपाळ्यासमोरून जावं लागतं. बैठक स्थिर असताना जमिनीपासून किमान ३५ सेंटीमीटर वर हवी. लाकडी फळी किंवा लोखंडी पत्रा अजिबात नको, कारण मागून येणारी कड समोरच्या लहान मुलाच्या डोक्याच्या उंचीवर असते. जाड रबराची, कडा मऊ असलेली बैठक घ्यावी. साखळीच्या कडीतलं छिद्र ८.६ मिलिमीटरपेक्षा मोठं नसावं, म्हणजे बोट अडकत नाही.

झीज मात्र बैठकीत दिसत नाही, ती वर असते. शिडी लावून आडव्या दांड्यापाशी जा आणि साखळीची पहिली कडी उचलून बघा. जिथे ती हुकात टेकते तिथे चमकदार खाच पडलेली असते. मूळ जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ती खाच खोल गेली असेल, तर साखळी आणि हूक दोन्ही एकदम बदला. एकच बदललं तर जुना भाग नव्याला लवकर खातो. एस आकाराचा हूक असेल तर त्याची तोंडं पूर्ण मिटलेली हवीत. फट दिसली की आज ना उद्या कपड्याची दोरी त्यात अडकणार.

घसरगुंडीत साहित्याचा प्रश्न मोठा. स्टेनलेस स्टील टिकतं, दुरुस्ती जवळजवळ लागत नाही, पण उन्हात भाजतं. म्हणून ती झाडाच्या सावलीत हवी किंवा उत्तर गोलार्धात तोंड उत्तरेकडे हवं. रोटो मोल्डिंगची (साचा फिरवून घडवलेली, आतून पोकळ) प्लास्टिकची घसरगुंडी हलकी आणि रंगीत. काही वर्षांनी तिच्यावर पांढुरकी भुकटी येऊ लागते, म्हणजे उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतंय. त्यानंतर बोल्टच्या छिद्रापासून चीर जाते. फायबरची घसरगुंडी घासून झिजली की काचेचे बारीक तंतू उघडे पडतात आणि मांड्यांना खाज सुटते. तिच्यावर नवा थर चढवेपर्यंत ती बंदच ठेवावी.

अजून एक गोष्ट, जी पालकांना सहसा माहीत नसते. लहान मुलाला मांडीवर घेऊन मोठ्या माणसाने घसरू नये. मुलाच्या बुटाचा रबरी तळ बाजूच्या कडेला अडकतो, मोठ्याचं वजन मात्र पुढे जात राहतं, आणि नडगीचं हाड पिरगळून मोडतं. एकटं मूल घसरताना पाय अडकला तर ते थांबतं, एवढंच. घसरगुंडीपाशी लावायची एकच पाटी निवडायची असेल तर ही लावावी.

चढायच्या चौकटी आणि कठडे बघताना फूटपट्टी बरोबर ठेवा. ८९ मिलिमीटर ते २३० मिलिमीटर या मधल्या मापाची बंदिस्त फट धोक्याची: त्यातून मुलाचं अंग पायाकडून आत जातं, पण डोकं अडकतं आणि मूल मानेवर लोंबकळतं. फट ८९ पेक्षा लहान हवी, नाहीतर २३० पेक्षा मोठी. स्थानिक कारागिराकडून कठडे वेल्ड करून घेतले जातात तेव्हा गज अंदाजे १५ सेंटीमीटरवर बसवले जातात, आणि तेच माप नेमकं मधलं आहे. आधीच बसवलेल्या कठड्यात प्रत्येक फटीच्या मधोमध एकेक गज वाढवला की काम होतं.

सीसॉखाली टोकाला अर्धा टायर पुरलेला असेल तर छान, नसेल तर कणा आणि पाय दोन्हींना धोका.

ओपन जिमबद्दल मत थोडं मिश्र आहे. चालायला येणाऱ्या पण जिमला कधीच न जाणाऱ्या माणसाला इथे सांधे हलवायला मिळतात, हा खरा फायदा आहे आणि तो मोठा आहे. मात्र चेस्ट प्रेससारख्या (बसून छातीसमोरून दांडे ढकलायच्या) यंत्रात तरफेने बसलेल्याचंच वजन उचललं जातं, त्यामुळे ताण कमी-जास्त करता येत नाही. नियमित व्यायाम करणाऱ्याला काही आठवड्यांत ते अपुरं पडतं. म्हणून सात-आठ हलणारी यंत्रं घेण्याऐवजी तीनच घ्यावीत आणि उरलेल्या पैशात वेगवेगळ्या उंचीचे पुल-अप बार, डिप्सचे (हातांवर अंग वर-खाली करायचे) समांतर दांडे आणि तिरका बाक बसवावा. यात हलणारा भागच नाही; नीट पुरलं आणि गंज रोखणारा जस्ताचा थर चांगला असला तर वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

हलणाऱ्या यंत्रांचं आयुष्य बेअरिंग ठरवतं. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली बेअरिंग्ज हवीत, उघडी नकोत. धूळ आणि पाणी आत गेलं की ग्रीस निघून जातं. एअर वॉकरचं (पाय ठेवून हवेत चालल्यासारखं झुलायच्या यंत्राचं) पाऊल, म्हणजे पाय ठेवायची पट्टी, हाताने आडवी हलवून बघा. ती डुगडुगत असेल आणि चालवताना करकर आवाज येत असेल तर बेअरिंग गेलं. खटखट आवाज येत असेल तर दोष दुसरा: दोन टोकांना असलेले रबरी अडथळे झिजून लोखंडावर लोखंड आपटतंय. हा अडथळा किरकोळ किमतीचा, पण तो बदलला नाही तर प्रत्येक फेरीचा धक्का वेल्डिंगवर बसतो आणि शेवटी तडा तिथे जातो.

गंज ओळखायची जागा म्हणजे खांब जमिनीला टेकतो तिथला वीतभर भाग. काँक्रीटचा चौथरा सपाट असेल तर पाणी साचतं; तो खांबापासून बाहेर उतरता हवा. नुसतं पावडर कोटिंग पुरत नाही, एक टवका उडाला की गंज त्याखालून पसरत जातो. आधी हॉट डिप गॅल्वनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवणं, मग रंग. पुरवठादार खरं सांगतोय का, हे नळीवरूनच कळतं: वेल्ड केलेली पोकळ चौकट वितळलेल्या जस्तात बुडवायची तर तिला हवा आणि जस्त ये-जा करण्यासाठी छिद्रं ठेवावीच लागतात. छिद्रं कुठेच नसतील, तर वेल्डिंगनंतर ती चौकट जस्तात बुडवलेली नाही.

जिमची जागा मुलांच्या खेळण्यांपासून लांब हवी. ईएन १६६३० हे मानक १.४ मीटरपेक्षा उंच व्यक्तींसाठीच्या साधनांचं आहे. लहान मूल एअर वॉकरच्या समोर उभं राहिलं तर पाऊल थेट चेहऱ्यावर येतं. दोन्हींच्या मधे झुडपांची रांग किंवा वाट असावी. चांगल्या बेअरिंगच्या संचाला पाचपैकी तीन, स्थिर दांड्यांना साडेचार.

चालायच्या वाटेत पेव्हर ब्लॉकचा सुळसुळाट आहे. ब्लॉक स्वतः चांगले असतात. खालचा थर न दाबता घाईने टाकल्यामुळे ते खचतात आणि झाडाच्या मुळांनी उचलले जातात. फायदा एवढाच की उचलून, मूळ वाचवून, पुन्हा बसवता येतात. दाबलेल्या बारीक खडीची वाट गुडघ्यांना सुखाची, पण तिला दोन टक्के आडवा उतार आणि बाजूला चर हवाच. गुळगुळीत चकचकीत टाइल्स नकोत, त्या ओल्या झाल्या की ज्येष्ठांचा खुबा मोडण्याचं निमित्त होतात. रुंदी १.८ मीटर असली की समोरासमोर दोन चाकाच्या खुर्च्या जातात. बाक ४५ सेंटीमीटर उंच, पाठ आणि हात टेकायला दांडे असलेले; दगडी ओट्यावरून वयस्कर माणसाला उठता येत नाही.

फाटकावर मोटरसायकल अडवण्यासाठी फिरकी किंवा नागमोडी गज लावतात आणि त्याच गजांनी चाकाची खुर्ची व बाबागाडी बाहेर राहते. खुर्चीला ९० सेंटीमीटर जागा लागते, आणि तेवढ्यातून मोटरसायकलही जाते. मापाने हा पेच सुटत नाही. रुंद फाटक आणि त्यावर लक्ष ठेवायला माणूस, हाच मार्ग.

दिवे कमी उंचीचे आणि वाटेवर जवळजवळ हवेत. एकाच हायमास्टने (उंच खांबावरच्या मोठ्या दिव्याने) झाडाखाली काळोख उरतो. कुलूपबंद शौचालयाला शून्य गुण.

देखभालीचं वेळापत्रक तीन पातळ्यांचं. रोज किंवा आठवड्याला नजरेने फेरी: काचा, सुटे बोल्ट, वाळूची पातळी. एक ते तीन महिन्यांनी हात लावून तपासणी: बेअरिंग, साखळ्या, रबरी अडथळे. वर्षातून एकदा पाया, वेल्डिंग आणि गंज. पालिकेने खरेदी करतानाच बेअरिंगचे क्रमांक, बोल्टची मापं आणि सुट्या भागांची यादी लेखी घ्यावी, म्हणजे पुरवठादार बंद पडला तरी दुकानातून भाग मिळतो. आणि झोपाळा तुटला तर त्याला दोरी गुंडाळून 'बंद' पाटी लावू नका. मुलं ती दोरी सोडतात किंवा तिलाच लोंबकळतात. बैठक आणि साखळी दोन्ही उतरवून कोठीत ठेवा आणि नवी आली की त्याच दिवशी लावा.