‘हेच तीन हजार शब्द येतात’ म्हणाले, आणि आमचे अठरा हजार पाचशे गेले

परवा मीटिंगसाठी नाशिकला गेले होते. परतताना सीबीएस बसस्थानकावर वणीच्या गाडीची वाट बघत उभी होते, तेवढ्यात एका पोराने हातात पत्रक दिलं. नर्सिंग सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा क्लास. खाली ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’ म्हणून सहा मुलींचे फोटो होते आणि त्यातला तिसरा माझ्या लेकीचा. ज्या क्लासने आम्हाला लुबाडलं, तोच हा क्लास. गाडीत बसले तरी हात थरथरत होते. बारावीची परीक्षा संपली की दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवणकडच्या किती मुली असलं पत्रक बघून नाशिक गाठतात, ते मला माहीत आहे. म्हणून आता सगळं लिहिते.

मी दिंडोरी तालुक्यात आशा सेविका आहे. लेक दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली, मग सायन्स घेतलं. जीवशास्त्र तिला आवडतं, पण इंग्रजीचं पान समोर आलं की तिचा आवाज बसतो. बी.एस्सी. नर्सिंग करायचं हे तिने सातवीतच ठरवलं होतं. माझ्याबरोबर लसीकरणाला यायची तेव्हापासूनचं आहे ते.

गेल्या वर्षी असंच एक पत्रक मिळालं आणि आम्ही गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये ‘मोफत मार्गदर्शन’ ऐकायला गेलो. सरांनी पडद्यावर एका पेशंटची इंग्रजीतली नोंद लावली आणि पुढच्या रांगेतल्या मुलीला वाचायला उभं केलं. ती प्रत्येक शब्दाला अडखळली. सर म्हणाले, “बघा, विज्ञान तुम्हाला येतं. शब्द येत नाहीत म्हणून तुमची सीट जाते. १०० पैकी ४० गुण वैद्यकीय शब्दांवर असतात आणि आमच्याकडे जे तीन हजार शब्द आहेत, त्यांच्या बाहेरचा एकही येत नाही.” वर हेही सांगितलं, की नर्सिंगचं विद्यापीठ इथे नाशिकमध्येच आहे, त्यामुळे आतलं सगळं त्यांना कळतं. आमची गाडी दिंडोरी रोडने येताना म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ रोज दिसतं. मला ते खरं वाटलं. लेक माझ्याकडे बघत होती. त्या नजरेपुढे मी पैशांचा हिशेब केला नाही.

पाचशे रुपये तिथेच भरले, कारण ‘सवलत फक्त आज’. बारा हजार क्यूआर कोडवर गेले. कोड कुणा बाईच्या नावाचा होता, क्लासच्या नावाचा नव्हता. सहा हजार रोख दिले, ते माझ्या भिशीचे. सीईटीचा फॉर्म आम्हीच भरतो म्हणाले आणि दहावीची मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला ठेवून घेतला.

महिनाभर आठवड्याला दोन तास शिकवलं, तेही त्या तीन हजार शब्दांची पुस्तिका मोठ्याने वाचून घेणं एवढंच. बाकी ‘घरी पाठ करा’. पोरगी रात्री बारापर्यंत पाठ करायची.

एका संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि ती शेजारी बसून म्हणत होती, “स्टूल म्हणजे बसण्याचे आसन.” माझा हात थांबला. जुलाबाची साथ आली की स्टूल सॅम्पलच्या डब्या मी स्वतः आरोग्य केंद्रात नेऊन दिल्यात. स्टूल म्हणजे शौच, हे मला दहावी शिकलेल्या बाईला माहीत, आणि पोरगी आसन पाठ करतेय. पुस्तिका घेऊन पुढे बघितलं. लेबर म्हणजे मजूर. गावातल्या बायकांना रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्यावर मी गाडीत घालून नेते, तिथे लेबर रूमच्या दारावर मजूर लिहिलेलं नसतं!

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रातल्या सिस्टरांकडे गेले. त्यांनी पेन घेऊन एकेक शब्द तपासला. कल्चर म्हणजे संस्कृती असं छापलं होतं. दवाखान्यात कल्चर म्हणजे रक्त-लघवीच्या नमुन्यातले जंतू वाढवून बघणं. टेंडरचा अर्थ निविदा दिला होता, पण पोट टेंडर आहे म्हणजे दाबलं की दुखतं. पेटंटपुढे शोधाचा हक्क होता. श्वासनलिका पेटंट असणं म्हणजे ती मोकळी असणं, तुंबलेली नसणं. व्हॉइडला पोकळी, आणि खरा अर्थ लघवी करणं. यंत्राने केलेलं भाषांतर कुणीही न वाचता छापलं होतं.

पुढच्या पानावर सिस्टर गप्प झाल्या. हायपो म्हणजे अति आणि हायपर म्हणजे कमी, असं उलटं छापलं होतं. म्हणाल्या, “ताई, हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर उतरणं. हे असं डोक्यात बसलं आणि पोरगी उद्या वॉर्डात गेली, तर साखर उतरलेल्या पेशंटला ही इन्सुलिन द्यायला निघेल.” पैसे गेल्याचं दुःख मला आजही आहे, पण त्या वाक्याने जी भीती वाटली ती वेगळीच होती.

काही पानांच्या तळाशी अर्धवट कापलेलं ‘हेसी’ असं इंग्रजी नाव राहिलं होतं. लेकीने मोबाईलवर शोधलं. हेसी ए-टू ही अमेरिकेतल्या नर्सिंग कॉलेजांच्या प्रवेशासाठीची परीक्षा. तिच्यात शब्दसंग्रहाचा वेगळा विभाग खरंच असतो. तिथली यादी उचलून इथे विकली होती. आपली बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो, विद्यापीठ नाही. कक्षाची माहिती पुस्तिका मोफत मिळते आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अभियोग्यता, प्रत्येकी २० प्रश्न, एकूण १०० गुण, ९० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. चाळीस गुणांचा शब्दांचा विभाग कुठेच नव्हता. पैसे भरायच्या आधी आम्ही ते एक पान उघडलं असतं तर!

पैसे परत मागायला गेलो तर तिथल्या मुलीने आमचीच पावती पुढे केली. “काकू, नीट वाचा.” पावतीवर ‘पुस्तक विक्री’ लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. फी हा शब्दच नाही. सीटची खात्री, तीन हजार शब्दांची खात्री, सगळं तोंडी. आयाबायांनो, पावतीवर क्लासचं नाव, पत्ता आणि कशाचे पैसे घेतले ते वाचल्याशिवाय काउंटर सोडू नका.

त्याहून वाईट पुढे कळलं. सीईटीच्या फॉर्मवर मोबाईल नंबर आणि ईमेल त्यांनी स्वतःचा टाकला होता. म्हणजे ओटीपी त्यांना जाणार, पासवर्ड त्यांच्याकडे, आणि कॉलेजांचे पर्याय भरायच्या वेळी आणखी पाच हजार द्यायचे. मूळ कागदही त्यांच्याच कपाटात. मी तिथेच बसले आणि पोलीस चौकीत अर्ज देते म्हणून सांगितलं. तीन तास बसले. तेव्हा कागद मिळाले, आणि पासवर्ड लेकीने माझ्यासमोर बदलला. मुलीचा फॉर्म तिच्याच नंबरवरून, तिच्याच हाताने भरू द्या. मूळ दाखला प्रवेशाच्या वेळी कॉलेजला लागतो, क्लासला त्याचं काय काम?

पैशांसाठी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. चांगल्या गुणांची किंवा रँकची हमी द्यायची नाही आणि मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करायची, असं त्यात आहे. ते छापून नेलं तेव्हा आठ हजार मिळाले. बाकीच्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि समोरचा गायबच झाला असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, त्यात उशीर चालत नाही.

शब्द लेक शेवटी सिस्टरांकडेच शिकली, एक पैसा न देता. सिस्टर म्हणायच्या, शब्द तोडून वाच. शेवटी ‘आयटिस’ आलं की दाह, ‘एक्टॉमी’ आलं की काढून टाकणं, ‘ऑटॉमी’ म्हणजे छेद देणं. सुरुवातीला नेफ्रो असेल तर मूत्रपिंड, हिपॅटो असेल तर यकृत, टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद. पाच-पन्नास तुकडे आले आणि अनोळखी शब्दही तिला उलगडायला लागले. निम्मे तर तिच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातच होते. इंग्रजीसाठी बारावीचंच पुस्तक पुन्हा वाचलं. सीईटीला गुण बेताचे पडले, पण कॅप फेरीत, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीत, खासगी कॉलेजात जागा मिळाली. त्या क्लासचा त्यात काडीचा हात नाही.

आणि तिचाच फोटो त्यांच्या पत्रकावर आहे, फॉर्मसाठी दिलेला. मुलाच्या लेखी संमतीशिवाय असा फोटो वापरता येत नाही, हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या सूचनांत आहे. तक्रारीत आता तेही जोडलंय.

काल पेठहून एका आईचा फोन आला. तिने क्लासचे सगळे पैसे ऑनलाइन भरले होते, रोख काहीच नाही, आणि पावतीही मिळाली नव्हती, म्हणून रडत होती. मी तिला म्हटलं, बँकेत जा, खात्याचा उतारा काढ, त्यात तारीख आणि नाव दोन्ही आहे. सोमवारी दहाच्या गाडीने ती येतेय. आम्ही दोघी मिळून जाणार आहोत.